नाव कमी करण्याचा अर्ज

माझ्या टी.सी.वर ‘महाविद्यालय सोडण्याचे कारण’ या रकान्यात ‘वडिलांची बदली’ असं लिहिलेलं आहे. माझ्या वडिलांची उभ्या आयुष्यात कधी बदली झालेली नाही. महाडच्या बाजारपेठेत त्यांचं चपलांचं दुकान, आणि दुकानदारांच्या बदल्या करणारं खातं अजून निघायचं आहे.

२००५ च्या जुलैत मी महाडलाच एसवाय बी.कॉम.ला होते. एफवायचा निकाल लागला होता, एसवायची फी जूनमध्येच भरली होती, बिझनेस लॉचं कोरं पुस्तक आणलं होतं. महाडकरांना पाणी नवं नाही. सावित्री आणि गांधारी फुगल्या की सुकट गल्लीत पाणी शिरतं, माणसं माल वर उचलतात, पाणी उतरलं की झाडू हातात घेतात. २५ जुलैच्या रात्री बाबांनी आणि दादाने नेहमीसारखे खालचे दोन खण रिकामे करून खोकी माळ्यावर टाकली. पाणी तिसऱ्या खणाला लागलं तेव्हा आम्हीच माळ्यावर चढलो, आणि पहाटे तिथून शेजाऱ्यांच्या माडीवर. दोन रात्री त्या माडीवर आम्ही सोळा माणसं होतो. दादाची तीन वर्षांची मुलगी सोडली तर कुणाला झोप लागली नाही.

त्याच पावसात तालुक्यातल्या दासगाव, जुई, रोहण आणि कोंडिवते या गावांवर दरडी आल्या. दीडशेहून जास्त माणसं गेली. त्यामुळे आमच्या चपलांचं काय झालं हे कुणाला सांगायची तेव्हा लाज वाटायची, अजूनही थोडी वाटते. पण झालं ते असं, की पुठ्ठ्याची खोकी विरघळली आणि सगळा माल एकात एक झाला. आई आणि मी आठवडाभर ओट्यावर बसून चिखलातल्या चपलांचे जोड लावत होतो. सहा नंबर डावा. सहा नंबर उजवा. दिवसाला तीसेक जोड जमायचे, त्यातले विकण्यासारखे चार-पाच.

माझी फाइल टेबलाच्या खणात होती. लाकूड फुगून खण बसला तो उघडेना, दादाने पहारीने फोडला. आत दहावी-बारावीचे मार्कलिस्ट, एफवायची मार्कशीट, फीची पावती, सगळ्याचा मिळून एक लगदा. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये होतं म्हणून वाचलं असेल अशी आशा होती. उलट त्या फोल्डरनेच पाणी आत धरून ठेवलं होतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ठाण्याहून काका आले, म्हणजे आत्याचे यजमान. ते टीएमटीत कंडक्टर. २६ तारखेला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला म्हणून सगळा देश मुंबईबद्दल बोलत होता, काका स्वतःही ती रात्र ठाण्यात बंद पडलेल्या बसमध्ये काढून आले होते. त्यांच्या चाळीतल्या कोकणातल्या लोकांनी टेम्पो भरला होता: पाण्याचे कॅन, मेणबत्त्या, खराटे, ब्लीचिंग पावडर, आणि न मागितलेल्या भरपूर साड्या. जाताना त्या रिकाम्या टेम्पोत मी बसले. वहिनी लेकीला घेऊन माहेरी माणगावला गेली. आई म्हणाली, “इथे तुला अभ्यासाला जागा नाही की दिवा नाही. तिकडचं कॉलेज बघ.” जशी काही भाजी बघायची होती.

आत्याचं घर लोकमान्यनगरला, दोन खोल्यांचं. पहिल्या दोन कॉलेजांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एका ठिकाणी खिडकीतल्या माणसाशी झालेलं बोलणं तेवढं शब्दशः लक्षात आहे.

“ट्रान्सफर केस? टी.सी., एफवायची मार्कशीट, जुन्या कॉलेजचं ना हरकत. तिन्ही ओरिजिनल.”

“पुरात गेलं.”

“मग डुप्लिकेट आण.”

“कॉलेज बंद आहे. तिथेही पाणी होतं.”

“मग उघडल्यावर ये.”

त्याचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. मला रडू आलं ते त्यामुळेच असावं.

तिसरं कॉलेज मिळालं ते काकांच्या बसमध्ये. रोज सकाळी एक बाई एका ठरावीक थांब्यावर चढायच्या, सुट्टे पैसे द्यायच्या, मांडीवर कॉलेजच्या नावाची फाइल असायची. काकांनी त्यांना कित्येक वर्षं तिकीट दिलं होतं, नाव माहीत नव्हतं. त्या दिवशी तिकीट फाडताना म्हणाले, “मॅडम, एक विचारू का? माझ्या मेव्हण्याची मुलगी आहे महाडची.” त्या कॉमर्सच्या उपप्राचार्या निघाल्या. ज्यांचे काका कंडक्टर नव्हते त्यांचा विचार मला पुष्कळ वर्षांनी आला. त्या वेळी मी फक्त आत्याची चांगली साडी नेसून त्यांच्या केबिनबाहेर उभी राहिले.

मॅडमनी कागद मागितले नाहीत. विचारलं, “पाणी आलं तेव्हा अकाउंट्सला काय चालू होतं?” मी म्हटलं, भागीदारीचे हिशेब, एक भागीदार निवृत्त होतो ते. “मग त्याचं भांडवल कुठे न्यायचं?” मी सांगितलं, लगेच पैसे दिले नाहीत तर त्याच्या कर्जखात्याला. त्यांनी हेडक्लार्कना बोलावून सांगितलं, हिचं नाव एसवायच्या मस्टरवर घ्या.

हेडक्लार्क अस्वस्थ झाले. तुकडी १२० ची, आणि भरलेली. त्यावर एक नाव घ्यायचं तर विद्यापीठाची परवानगी, आणि परवानगीला कागद. “मॅडम, उद्या तपासणीला मी काय दाखवू?”

“म्हणून तर पेन्सिलीने लिहा म्हणतेय.”

तशी मी ठाण्याच्या त्या कॉलेजात दाखल झाले. मस्टरमध्ये १२० नावं शाईत, १२१ वं पेन्सिलीत. माझ्याकडून एक हमीपत्र लिहून घेतलं, की ३० सप्टेंबरपर्यंत सर्व मूळ कागदपत्रे सादर करीन, न केल्यास प्रवेश रद्द होईल व त्याबाबत माझी काही तक्रार राहणार नाही. पालक म्हणून काकांनी सही केली. त्यांनी आयुष्यात इतक्या सावकाश केलेली सही मी दुसरी पाहिली नाही.

वर्गात माझं नाव ‘महाडवाली’ पडलं. मुली चांगल्या होत्या. एकीने तिच्या सगळ्या वह्या झेरॉक्स करून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. दुसरीने कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर स्वतःच्या जुन्या ड्रेसची पिशवी दिली. तो हिरवा ड्रेस मला फार आवडला होता. कॉलेजला मात्र मी तो कधीच घातला नाही.

आता कागद. बोर्डाचं काम मी अवघड समजत होते, ते सगळ्यांत सोपं निघालं. रायगड जिल्हा मुंबई विभागीय मंडळात येतो आणि मंडळाचं ऑफिस वाशीला. त्यामुळे दहावी-बारावीच्या दुय्यम प्रतींसाठी महाडच्या मुख्याध्यापकांची शिफारस, हरवल्याचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज घेऊन वाशीलाच जायचं होतं. प्रतिज्ञापत्र ठाण्यात कोर्टनाक्यावर टाइप करून घेतलं. टायपिंगवाल्याकडे हरवण्याचे मसुदे तयारच होते: प्रवासात हरवले, गर्दीत गहाळ झाले. पुराचा नव्हता. माझ्यासाठी त्याने नवा टाइप केला आणि म्हणाला, एक कॉपी ठेवतो, यंदा लागेल. ठाण्याहून वाशीला जाणारी लोकल सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. डबे रिकामे, ऐरोली-तुर्भेच्या स्टेशनांवर सिमेंटचा वास. त्या प्रवासात मी पुरानंतर पहिल्यांदा खिडकीशी बसून काही विचार न करता बाहेर बघत राहिले.

खरी अडचण होती एफवायच्या मार्कशीटची. तेव्हा मुंबई विद्यापीठात एफवाय आणि एसवायच्या परीक्षा कॉलेजच घ्यायचं, विद्यापीठाची परीक्षा थेट टीवायला. म्हणजे मी एफवाय पास झाले याची नोंद जगात एकाच ठिकाणी होती, आणि ते ठिकाण तळमजल्यावर होतं.

कॉलेजचं ऑफिस उघडल्याचं कळलं तेव्हा सप्टेंबर उजाडला होता. ठाण्याहून सकाळची एसटी पकडली. पेण, कोलाड, माणगाव, सगळं हिरवंगार, जणू काही घडलंच नाही. दासगाव आलं तेव्हा बसमधलं बोलणं आपोआप थांबलं. डोंगर वरपासून खालपर्यंत लाल सोलून निघाला होता. कंडक्टरने बेल मारली नाही, तरी ड्रायव्हरने गाडी हळू केली.

कॉलेजच्या व्हरांड्यात दोऱ्या बांधून त्यावर रजिस्टरं वाळत घातली होती, गावात वाकळी वाळत घालतात तशी. फिनेल आणि कुजलेल्या कागदाचा वास. हेडक्लार्क भाऊसाहेब बाकावर बसून दाढीच्या ब्लेडने जनरल रजिस्टरची पानं एकेक करून सोडवत होते, मध्ये टाल्कम पावडर टाकत होते. मला बघून म्हणाले, “नंबर आहे का लक्षात? तुझं पान निघालं तर टी.सी. निघेल.” नंबर लक्षात होता. पान निघायला दीड तास लागला. जुन्या नोंदी शाईपेनाने केलेल्या, तिथे फक्त निळे ढग उरले होते. आमच्या वर्षाच्या नोंदी एका नव्या शिपायाने केल्या होत्या, कारण भाऊसाहेबांचा हात त्या महिन्यात दुखत होता. तो शिपाई तीन रुपयांचं बॉलपेन वापरायचा. माझं नाव, जन्मतारीख, आईचं नाव, सगळं जसंच्या तसं. “याला मी ओरडलो होतो,” भाऊसाहेब म्हणाले, “की रजिस्टरमध्ये बॉलपेन वापरतात का रे!” निकालाचं लेजर कपाटाच्या वरच्या फळीवर होतं, ते कोरडं राहिलं. त्यावरून मार्कशीटची दुय्यम प्रत हाताने लिहून मिळाली.

पण टी.सी. मिळण्याआधी एक अर्ज द्यावा लागतो. मजकूर ठरलेला: ‘माझे नाव आपल्या महाविद्यालयाच्या पटावरून कमी करण्यात यावे ही विनंती.’ मी अर्ध्यावर थांबले. कॉलेज सोडायचं असं मी मनात कधी म्हटलंच नव्हतं. मला एका वर्षापुरतं दुसरीकडे बसायचं होतं, घर उभं राहीपर्यंत. लग्नघरी पाहुणे जास्त झाले की चार जण शेजाऱ्यांकडे झोपतात, त्यांची नावं कुणी रेशनकार्डावरून काढत नाही.

म्हणून प्राचार्य सरांकडे गेले. ते गमबूट घालून बसले होते. मी विचारलं, “सर, नाव इथेच ठेवून वर्षभर ठाण्याला बसता येईल का?”

सरांनी बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग हिशेब मांडावा तसं सांगितलं. हजेरी लागते ७५ टक्के, ती इथली. परीक्षा कॉलेजची, तीही इथली. तिथे बसून इथली हजेरी लावायची सोय कुठल्याच नियमात नाही. विद्यापीठ एकच, अभ्यासक्रम एकच, पेपरसुद्धा बहुतेक सारखेच निघतील, पण विद्यार्थी एका वेळी एकाच मस्टरवर. “आणि खरं सांगू का,” ते म्हणाले, “तुम्ही सगळे गेलात तर माझी एसवायची तुकडी मोडेल. तुकडी मोडली की शिक्षक जादा ठरतात. चिखल काढायला तेच येतायत रोज.” मग लगेच, आपण असं बोलायला नको होतं हे कळून, “तू जा. तुझं वर्ष वाया घालवू नकोस.”

मी अर्ज पूर्ण केला. आयुष्यातलं सगळ्यांत शुद्ध मराठी मी त्या दिवशी लिहिलं.

भाऊसाहेब टी.सी. भरायला बसले. कारणाच्या रकान्याशी पेन थांबलं. मी म्हटलं, पूर लिहा. “पूर लिहिलं तर पुढचा विचारणार, पुराने कॉलेज का सोडावं लागलं? तलाठ्याचा दाखला आण, पंचनामा आण. बदलीला कुणी पुरावा मागत नाही.” आणि वळणदार अक्षरात लिहिलं: वडिलांची बदली.

दुकानात गेले तेव्हा बाबा भिंतीला चुना मारत होते. टी.सी. हातात घेऊन त्यांनी वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि पाणी आल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने हसले. “कुठे झाली म्हणे?”

“ठाण्याला.”

“प्रमोशनवर का?”

फीचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. महाडला भरलेली परत मागा असं भाऊसाहेबच म्हणाले होते, पण ज्या ऑफिसात खुर्च्या नाहीत तिथे बाबांना पैसे मागवेनात. ठाण्याला पुन्हा भरावी लागली. मॅडमनी दोन हप्ते करून दिले, त्यापलीकडे त्यांच्याही हातात काही नव्हतं. एकाच वर्षाची फी दोन कॉलेजांत भरलेली आमच्या घराण्यातली मी एकटीच. २८ सप्टेंबरला हेडक्लार्कनी खोडरबर घेतलं आणि १२१ नंबरवर माझं नाव शाईपेनाने लिहिलं. बॉलपेनने लिहा, असं जिभेवर आलं होतं.

त्याच महिन्यात पेपर अमेरिकेतल्या कॅटरिना वादळाने भरलेले असायचे. २९ ऑगस्टला वादळ आलं, न्यू ऑर्लिन्सचे बांध फुटले आणि शहर पाण्याखाली गेलं. टीव्हीवर छपरांवर बसलेली माणसं दिसली तेव्हा आत्या भाकरी थापायची थांबली. म्हणाली, “तिथेही माळ्यावरच जातात की गं.”

तिथल्या ट्युलेन विद्यापीठाचं मी खूप नंतर, बँकेत लागल्यावर वाचलं. २७ ऑगस्टला नवी मुलं वसतिगृहात सामान लावायला आली आणि त्याच दिवशी त्यांना परत पाठवावं लागलं. ते अख्खं सत्र विद्यापीठ बंद राहिलं. देशभरातल्या शेकडो कॉलेजांनी त्या मुलांना एका सत्रापुरतं बसवून घेतलं, पाहुणे म्हणून. नाव ट्युलेनमध्येच. तिथे फी भरली असेल तर इथे पुन्हा घेऊ नका, असं शिक्षणसंस्थांच्या संघटनांनीच सांगितलं होतं, कारण बुडालेल्या कॉलेजची फी आणि मुलं दोन्ही गेली तर ते पुन्हा उघडणार कसं? २००६ च्या जानेवारीत ट्युलेन उघडलं आणि बहुतेक मुलं परत आली. वाचताना मला चक्क हेवा वाटला. पूरग्रस्तांनी पूरग्रस्तांचा हेवा करावा! ट्युलेन श्रीमंत आहे, हे कळतं मला. त्याच शहरातल्या गरीब वस्त्यांचे हाल सगळ्या जगाने पाहिले. पण गमबूट घातलेले आमचे सर जे बोलून ओशाळले, तोच विचार तिथे कुणीतरी आधीच करून ठेवला होता, एवढं मात्र डोक्यात बसलं.

एसवाय संपल्यावर मी महाडला परत जाऊ शकले असते. टीवायची परीक्षा विद्यापीठाचीच होती. गेले नाही. विचारणाऱ्यांना सांगायचे की पुन्हा नाव कमी करण्याचा अर्ज लिहवणार नाही. खरं कारण असं की मला ठाणं आवडायला लागलं होतं. तलावपाळीवर संध्याकाळी मैत्रिणींबरोबर फिरता येत होतं आणि मी कुणाची मुलगी हे तिथे कुणाला माहीत नव्हतं.

२२ जुलै २०२१ ला महाड पुन्हा बुडालं. तालुक्यातल्या तळिये गावावरची दरडही त्याच दिवशी आली. दादाने माल वेळेवर उचलला होता, तरी बराच गेला. ती तीन वर्षांची मुलगी आता एसवायला होती, महाडलाच. दादाने तिला माझ्याकडे ठाण्याला पाठवलं. मी कागदांची यादी मनात धरूनच दार उघडलं, तर ती म्हणाली, “आत्या, मार्कशीट्स डिजिलॉकरमध्ये आहेत. मोबाइल तेवढा पाण्यात गेला.” स्टेशनजवळून जुना मोबाइल घेतला आणि प्रश्न मिटला. करोनामुळे तास ऑनलाइनच होते. शिक्षकांच्या घरातला चिखल निघाला, वीज आली, तसे ते पुन्हा सुरू झाले. सर महाडला, मुलगी घोडबंदर रोडला माझ्या डायनिंग टेबलाशी, नाव महाडच्या मस्टरवर. सोळा वर्षांपूर्वी जे मी टेबलासमोर उभी राहून मागितलं होतं ते आता आपसूक चाललं होतं आणि कुणाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

पुरानंतर बरोबर आठवड्याने, २९ जुलैला, ‘अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ सुरू झाल्याची बातमी आली. एका संस्थेत मिळवलेले क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचे गुण, विद्यार्थ्याच्या खात्यात जमा राहणार आणि दुसऱ्या संस्थेत धरले जाणार. भाची म्हणाली, “बघ, तुझ्या वेळी हे असतं तर!” मी बँकेत आहे. एका शाखेतलं खातं दुसऱ्या शाखेत न्यायला लोक किती वेळा काउंटरवर येतात ते रोज बघते. त्यामुळे मी एकदम हुरळून गेले नाही. कल्पना मात्र चोख वाटली.

२० ऑक्टोबरपासून दोन डोस झालेल्यांसाठी कॉलेजं प्रत्यक्ष सुरू होणार असं जाहीर झालं. मी तिला म्हटलं, इथेच बघायचं का एखादं कॉलेज, मी सुट्टी घेऊन येते बरोबर. ती काही बोलली नाही, तिने महाडला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. बाबांना आता कमी ऐकू येतं, तिने दोनदा विचारलं.

“पाठव तिला इकडे,” बाबा म्हणाले. “माझी बदली झालेली नाही अजून.”